गळक्या कोपऱ्यातलं भात

आमच्या शेजारची खारी काकी भाताला शिव्या घालायची. लोक पिकाला नारळ देतात, हात जोडतात. ही पदर खोचून बांधावर उभी राहायची आणि ओरडायची, "शिरा पडो तुमच्या तोंडार! जगायचा तर जगा, नायतर मरा. माका कामां आसत." शेत खाडीला लागून, म्हणून ती खारी. जीभही त्याच पाण्यावर वाढली असावी, असं गावाचं मत होतं.

पूर्वी उधाणाचं पाणी बांधाला शिवून परत जायचं. हल्ली ते जावयासारखं सरळ आत येतं. शेजारच्या तीन शेतांनी केव्हाच मान टाकली. काकी एकटी, आणि तिचं वर्षभराचं पोट या एका शेतावर. तिचा बांध एका कोपऱ्यात गळायचा, तिथलं भात दरवर्षी करपायचं. त्यातून चार-दोन रोपं तग धरत. बुटकी, तांबड्या दाण्याची, पाहुण्यांना दाखवू नयेत अशी. आम्ही सगळे बियाण्यासाठी शेताच्या मधल्या टपोऱ्या लोंब्या काढायचो. काकी नेमकी ही मरतुकडी रोपं निवडायची, त्यांचे दाणे पेंढ्याच्या मुडीत बांधून ठेवायची आणि पुढच्या वर्षी त्याच कोपऱ्यात पेरायची. असं दहा वर्षं चाललं. करपणारं भात दरवर्षी थोडं कमी होत गेलं.

"मधल्यान काय केल्यान? बसान खाल्ल्यान," ती म्हणायची. "ह्येच्या नाकातोंडात खारा पाणी गेला, तरी ता मेला नाय. ह्येका म्हणतत बियाणा!"

एकदा शेती खात्याचे साहेब आले. हवामान बदलतंय, पीक बदला, असं त्यांनी कागद बघून समजावलं. काकी म्हणाली, "भात माझ्याआधी बदलला, सायबानू. तुमचो कागद कधी बदलतलो?" साहेब चहा न घेताच गेले.

मग एका वर्षी कोपऱ्यातलं भात इतकं आलं, की पुढच्या खेपेला सगळ्या शेतात तेच पेरता आलं असतं. नेमका तेव्हाच काकीचा पाय मोडला. कापणी मी केली. मी शाळामास्तर, म्हणजे गावातला शहाणा. म्हटलं, यंदा तरी म्हातारीला चांगलं बियाणं मिळू दे. मधल्या टपोऱ्या दाण्यांची मुडी बांधली आणि ते बुटकं भात सगळंच्या सगळं गिरणीत देऊन आलो. काकीला पेजेला झालं.

पेजेचा वाडगा हातात घेऊन तिने विचारलं, "रे मास्तरा, ह्यो तांबडो तांदूळ खंयचो?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

कावळ्यालाही शिवी दिल्याशिवाय न सोडणारी काकी पुन्हा पेज पिऊ लागली. तिने पेज शेवटच्या घोटापर्यंत संपवली आणि वाडगा खाली ठेवला.

"धा वर्सां रांधलंस, मेल्या. मीठ तरी घालूक होया होता."

पाऊस यायच्या आत ती गेली. माफी मागायची राहूनच गेली.

तिचं शेत मी पेरलं, माझ्याच टपोऱ्या बियाण्याने. श्रावणातल्या उधाणाने ते सगळं करपवलं. कोपऱ्यात मी लाजेने काहीच पेरलं नव्हतं. पण कापणीत गळून पडलेले दाणे तिथे आपसूक रुजले होते. खाऱ्या पाण्यात अकरा रोपं हिरवीगार उभी होती.

गुडघाभर चिखलात उभा राहून मी ढसाढसा रडलो. मग वाटलं, या भाताला रडण्याची सवय नाही. नाक पुसलं आणि जमेल तेवढा काकीचा आवाज काढून ओरडलो, "शिरा पडो तुमच्या तोंडार! जगायचा तर जगा!"