देऊळ उघडेपर्यंत

आमच्या चर्चला आई देऊळच म्हणते. जुन्या मराठी ख्रिस्ती माणसांची ती सवयच. काळ्या दगडाचं, उतरत्या कौलांचं ते देऊळ गेल्या वर्षी पाळकसाहेबांनी कुलूप घालून बंद केलं. छपराच्या सागवानी तुळया वाळवीनं आतून पोखरल्या होत्या आणि ऐन उपासनेत एक कौल बाकावर पडून फुटलं. बाक रिकामा होता, ही प्रभूची कृपा. तेव्हापासून आमचा रविवार जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये भरतो.

हॉलबद्दल माझी तक्रार नव्हती. पंखे आहेत, पायऱ्या नाहीत. आईलाही तो आधी बरा वाटला. मग पावसाळ्यात मंडळीतले एक आजोबा गेले. टेबल टेनिसचं टेबल भिंतीकडे सरकवून त्यांची शवपेटी मधोमध ठेवली होती आणि शेजारच्या वर्गात मुलं मोठ्यानं पाढे म्हणत होती. आई घरी आली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी नाय जायची असल्या हॉलातून. तुझ्या वडलांना ज्या दारातून नेलं, त्याच दारातून मला न्यायचं. देऊळ उघडल्याबिगर मी मरत नाय."

"अगं आई, ते काय आपल्या हातात असतं?"

"माझ्या हाय," ती म्हणाली.

आई निफाडकडच्या खेड्यातली, शब्दाची पक्की. दिवाळीनंतर तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं की आता तयारी ठेवा. तयारी मी ठेवली, आईनं मात्र ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली आणि विचारलं, "कौलं चढली का?"

कौलं कुठली चढतात! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आधी लाकूड मिळेना. मग जुन्या दगडावर कोणीतरी कधीकाळी सिमेंट थापलं होतं, त्याखाली ओल मुरलेली निघाली. ते सगळं खरवडून पुन्हा चुना लावायचं ठरलं. तेवढ्यात कुंभमेळ्याची कामं निघाली आणि शहरातले गवंडी घाटांकडे वळले. आमचा मिस्त्री मालेगावचा, माणूस सज्जन, पण त्याचं "बस, हो जाएगा मॅडम" ऐकून ऐकून माझे कान किटले.

मी सातपूरला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करते. सकाळी आईचं सगळं आवरून शेजारच्या बाईंच्या हवाली करायचं, बस पकडायची, परतताना देवळापाशी उतरून काम बघायचं आणि घरी येऊन बातमी द्यायची. भाऊ पुण्याला असतो आणि फोनवर काळजी घेतो. मी थकले आहे. सरळच लिहिते, कारण आमच्यात याला थकणं म्हणत नाहीत, सेवा म्हणतात. कधी एकदाचं ते छप्पर होतंय असं मलाही वाटायचं, आणि त्या वाटण्यात आणखी काय दडलंय हे मला कळत होतं. मग मी आईच्या पाठीला जास्तच वेळ तेल लावत बसायची.

त्यात तिच्या डोक्यात दीव बसलेलं. पूर्वी मंडळीची सहल त्या बेटावर गेली होती. तिथली उंच पांढरी चर्चं बघून आम्ही सगळे फोटो काढत सुटलो. त्यातल्या एकाचं म्युझियम झालंय, एकात दवाखाना चालतो. म्युझियमच्या दारात आईनं डोक्यावर पदर घेतला, आत गेली आणि बसायला बाक शोधत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "दवाखाना झाला ते बरं झालं, माणूस तरी येतो. पण नुसतं बघायला?" हल्ली ती अधूनमधून विचारायची, "आपल्याचं दीवसारखं नाय ना व्हायचं?" मी नाही म्हणायची. खात्री मलाही नव्हती.

परवा देवळापाशी उतरले तर मिस्त्री खाली उभा राहून हात धूत होता. "मॅडम, झालं काम. रविवारी उघडा." मी आत गेले. ओल्या चुन्याचा वास येत होता. नव्या तुळया अजून पिवळट होत्या, बाक पुसून रांगेत लावले होते. आनंद व्हायला हवा होता. पण इतके महिने ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याला आता एखादं फुटकं कौल का सापडू नये असं वाटलं. तिथेच बाकावर बसून मी रडले. मिस्त्रीला वाटलं, काम आवडलं.

घरी आले तर आई दाराकडे तोंड करून जागीच होती.

"काय म्हनतो मिस्त्री?"

"अजून बरंच आहे गं," मी म्हणाले. "एक तुळई परत काढावी लागणार."

वाटलं, आता ती चिडेल, त्याला नावं ठेवेल. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. माझे डोळे सुजलेले होते, ते तिला दिसले असणारच.

"बरं," ती म्हणाली. "होऊ दे सावकाश. घाई कसली हाय?"

आणि उठून बसण्यासाठी तिनं माझ्याकडे हात पुढे केला.