वरून पिसं, खालून पाचट

मंडळी, आज फार आभार मानावेसे वाटतायत.

पुढच्या आठवड्यात भंडारदऱ्याला तंबूत राहायला चाललोय, म्हणून बदकाच्या पिसांची स्लीपिंग बॅग मागवली. आज पहाटे श्रीगोंद्यातल्या आमच्या उसाच्या बांधावर तिच्यात आडवा होऊन बघितलं. अर्ध्या तासात पाठ गारठली! चिडून मोबाईल काढला आणि ती परत करून आणखी महागाची शोधायला लागलो.

आमचा ऊस तोडायला पाथर्डीहून आलेल्या कांतामावशी बघत होत्या. त्यांनी बॅगेवरून हात फिरवला, मग माझ्या पाठीखाली घातला.

"वरून लई ऊब हाय. पन तुमच्या वजनानं खालची पिसं चेपली की! थंडी भुईतून येती, दादा."

मग स्वतःच्या कोपीत, म्हणजे रानातल्या झोपडीत, जाऊन अंथरुणाखालचं उसाच्या पानांचं कोरडं पाचट कवळाभर आणलं आणि माझ्या बॅगेखाली पसरलं. दहा मिनिटांत डोळा लागला!

बॅग आता परत करत नाही.

ती घेताना मी चाळीसेक रिव्ह्यू वाचले होते. ज्या दर हिवाळ्यात माझ्याच रानात भुईवर झोपतात, त्यांना विचारायचं काही सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असतं?