परसापर्यंत आलेलं पाणी

आमची आत्या एकदा बसली की बसली. लग्नाचा मांडव असो, दवाखान्यातलं बाक असो की कामशेतला एसटीची वाट बघणं असो, पदर खांद्यावरून पुढे ओढून, हात मांडीत ठेवून ती बसायची आणि मग शेजारी फटाका फुटला तरी हलायची नाही. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. वडील सांगायचे, "लहानपणी ही जमिनीवर कमी आणि झाडावर जास्त असायची. सासरी गेली आणि सुधारली." आमच्या घरात चुळबुळ करणाऱ्या प्रत्येक मुलीला ‘आत्यासारखं एका जागी बसायला शीक’ हे ऐकावं लागलं आहे.

आत्याला वडिवळ्यात दिली होती. धरण झालं तसं पाणी चढत चढत तिच्या परसाच्या बांधापर्यंत येऊन थांबलं. तिथे चिंचेखाली एक चपटा दगड होता. भाकऱ्या, गोठा, शेत उरकून जो काही वेळ हाताला लागे तो ती त्या दगडावर काढायची. कळकाची काठी, तिला नायलॉनची दोरी, गळाला गांडूळ. बाकीचे लोक दोरीला थर्माकोलचा तुकडा बांधतात, म्हणजे मासा लागला की तो बुडतो आणि कळतं. आत्याला ते पटायचं नाही. "कशाला? बोट काय झोपलंय व्हय?" म्हणायची. दोरी तिच्या पहिल्या बोटावरून खाली जायची आणि पाण्याखाली काय चाललंय ते त्या बोटाला कळायचं. "मासा आधी चाखतो, मंग गिळतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. "चाखताना वढलं तर गेला. आपण गप वाट बघायची." संध्याकाळी घमेल्यात चिलापी असायची, नशीब असेल तर एखादी मरळ. त्या मरळीचं कालवण मी पुढे बऱ्याच हॉटेलांत शोधलं आणि प्रत्येक ठिकाणी पस्तावलो.

तिच्या यजमानांना सगळं गाव भाऊ म्हणे, म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. ते नेमके उलटे. चहा उभ्याने प्यायचे, पंगतीत वाढायला जायचे कारण मांडी घालून बसणं त्यांच्या जिवावर यायचं. तरुणपणी ते नावाजलेले शिकारी. पुढे शिकारीवर बंदी आली, भाला माळ्यावर गेला, पण भाऊंचे पाय काही बंदीत सापडले नाहीत. डुक्कर कुठून उतरलं, कुठे लोळलं, पिल्लं बरोबर आहेत का, हे रोज रानात जाऊन बघून यायचे आणि परसात उभं राहून बायकोला सांगायचे. सांगून झालं की वाद. शिकार भारी की मासेमारी?

"शिकारीला पाय लागत्यात, नाक लागतं, वारं कळावं लागतं," भाऊ म्हणायचे. "माशाला काय लागतं? नुसतं बूड!"

"मंग टेकून दावा की," आत्या पाण्यावरची नजर न काढता म्हणायची.

मग भाऊ आपला हुकमी पत्ता टाकायचे. "अगं, शिकारी जनावराला कोंडतो. गळवाला सोताला कोंडून घेतो. ह्यात कसलं आलंय कसब?" यावर आत्या नुसती गळाला नवं गांडूळ लावायची. ती हरली असं आम्ही समजायचो आणि भाऊ तर समजायचेच.

शिमगा झाला की गावची पारध निघायची. सगळे पुरुष आणि कुत्री डोंगरात. पारधीची एक रीत होती. पुरुष परत येईपर्यंत घरच्या बाईने उंबरा ओलांडायचा नाही, ओलांडला तर जनावर निसटतं. आत्याचं लग्न झालं त्या वर्षी, रान उठवल्याचा गलका ऐकून ही नवी नवरी धावत पुढच्या अंगणात गेली आणि टाचा उंचावून डोंगराकडे बघत राहिली. नेमकं त्या दिवशी डुक्कर माणसांचं कडं फोडून पसार झालं. पायपीट करून रिकाम्या हाताने आलेल्या गावाला आयतंच कारण सापडलं. ‘भाऊच्या बायकोनं डुक्कर पळवलं’ ही थट्टा लोकांनी वर्षानुवर्षं पुरवून वापरली. सासूने मात्र थट्टेवर भागवलं नाही. तिच्या हयातीत मग पारध असो नसो, आत्या दाराबाहेर दिसली की हाक ठरलेली. सरपणाला गेली तर मोळी घेऊन तशीच परत. परसदार तेवढं घरातच धरत. बंदीनंतर पारध म्हणजे रानातल्या देवाला नारळ फोडून येणं एवढीच उरली, पण उंबऱ्याची रीत तशीच राहिली. देवाच्या नारळापासून कोणतं जनावर निसटणार होतं ते देवच जाणे! डुक्कर पळवल्याची गोष्ट आत्या स्वतः रंगवून सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

एकदा तिच्या टोमण्याने चिडून भाऊंनी गळ हातात घेतला. आधी चिमूटभर माती उडवून वारा पाहिला. मग विचारलं, "मासं कुटल्या अंगाला हायती?"

"मला काय ठाव? पाण्यात हायती," आत्या म्हणाली.

शिकाऱ्याला हे उत्तर कसं पटावं? भाऊंनी दोन शेजाऱ्यांना पलीकडून गुडघाभर पाण्यात उतरवलं आणि काठ्या आपटत, आरडाओरडा करत मासे गळाकडे हाकलायला लावले. जनावरासारखे मासेही हाक्याला घाबरून सरळ आपल्या समोर येतील, अशी त्यांची मनापासून समजूत होती. त्यानंतर कित्येक दिवस त्या काठाला बेडूकसुद्धा फिरकला नाही. आत्या हसता हसता दगडावरून घसरली.

मग एका भातकापणीत भाऊ बांधावरून पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशननंतर त्यांच्या मुलाने, विलासने, दोघांना वराळ्याला आपल्या फ्लॅटवर आणलं. विलास कंपनीत शिफ्टला जाणारा, गावी म्हाताऱ्यांकडे बघणारं कुणी नाही. त्याचं काही चुकत नव्हतं. पण चौथ्या मजल्यावरची ती खोली, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी, आणि मध्ये पलंगावर भाऊ. मी बेगडेवाडीला राहतो, सुट्टीच्या दिवशी गाडी काढून जायचो. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. "मला हितनं काढ," एवढंच म्हणायचे. एकदा कुणाचं लक्ष नाही बघून वॉकर घेऊन लिफ्टपर्यंत पोहोचले आणि दार उघडायच्या आत कोसळले. त्यानंतर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की चालणं आता विसरायचं. पण रोज खुर्चीत ताठ बसायला हवं. असंच पडून राहिले तर छातीत कफ साठेल आणि मग काही खरं नाही.

भाऊंनी पांघरूण डोक्यावरून घेतलं. "मी बसणार न्हाई. बसलो म्हंजे मेलो." जेवणही टाकलं. विलासने हात जोडले, मी रागावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

आत्याने गावाहून आपली दोरी मागवली. गळ कापून टाकला. दोरीचं एक टोक भाऊंच्या बोटाला बांधलं आणि दुसरं घेऊन ती स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली. तिथून हलकेच ओढायची आणि विचारायची, "वळखा बघू, चाखतोय का गिळतोय?" पडल्या पडल्या दोरी पलंगाच्या कडेला अडकायची, म्हणून भाऊंना उशीला टेकून उठावं लागलं. पहिल्याच हिसक्याला त्यांनी अशी ओढ दिली की आतली मेथी जमिनीवर. "गेला मासा!" आत्या ओरडली. आणि भाऊ, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिच्यावर खेकसले, "आता नीट टाक, मी दावतो!"

हळूहळू उशीवरून ते खुर्चीत आले. सूनबाई दोरीत अडखळल्या, ‘म्हातारपणी हे काय खूळ’ म्हणून कुरकुरल्या. विलास मला म्हणाला, "दादा, तुम्ही आईला सांगा जरा." मी कशाला सांगतो? भाऊ बसत होते. डोळे मिटून, बोट पुढे करून, अख्खी सकाळ बसत होते. पोटात चार घासही जात होते.

अशाच एका दुपारी मी त्यांच्या शेजारी होतो. आत्या आत होती. भाऊ डोळे न उघडता हळू आवाजात म्हणाले, "लय अवघड हाय रं हे. जनावरामागं पळणं सोपं. पळताना काय वाटत न्हाई. हितं नुसतं बसायचं, आन समोरच्याच्या मर्जीवर बसायचं. तिचं कसब मोठं, माझं न्हाई." मग एक डोळा उघडून म्हणाले, "तिला सांगू नगस. डोक्यावर बसंल."

थंडी सरता सरता भाऊ गेले, त्या खुर्चीतच. आत्याने आतून दोनदा दोरी ओढली. उत्तर आलं नाही, तेव्हा ती उठून बाहेर आली.

आत्याही त्यानंतर फार दिवस राहिली नाही. पण तिचा विषय निघाला की मला आठवते ती भाऊंचे दिवस झाल्यानंतरची एक सकाळ. ती गॅलरीत बसली होती. मी जवळ बसलो आणि तिला जरा बरं वाटावं म्हणून भाऊंची चोरून दिलेली कबुली सांगून टाकली. म्हटलं, "आत्या, तू जिंकलीस. मासेमारीच भारी." मला वाटलं, ती हसेल.

ती हसली नाही. "कसलं कसब आन कसलं काय," म्हणाली. "मला का बसायची हौस हुती व्हय? ह्ये रोज रानात जायचं. आज हितं माग दिसला, तितं पाणी हाय, वरनं समदा मावळ दिसतो. येऊन सांगायचं. मी ऐकायची. एकदा म्हणलं, मला बी न्या की. तर हसलं. बाईमाणूस रानात काय करणार, म्हणलं." तिने पदर खांद्यावरून पुढे ओढला. "मंग पाणी परसापत्तुर आलं. तितवर जाऊन बसलं तर कुणी काय म्हणत न्हवतं. म्हणून बसले. हातात काठी आसली की काम करती आसं दिसायचं. मासा गावला तर गावला."

आयुष्यभर ज्याचं कौतुक केलं ते हे होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि भाऊंचा फार राग आला. त्या गेलेल्या माणसावर रागावणंही जमेना. शेवटी विचारलं, "मग भाऊंना एवढं बसायला शिकवलंस ते?"

"मला दुसरं काय येत हुतं?" आत्या म्हणाली. "कोंडल्यावर दिस कसा काढायचा, तेवढंच येत हुतं. त्यांच्यावर येळ आली, तर शिकवलं."

मी घाईघाईने म्हटलं, "आत्या, मी नेतो तुला. येत्या रविवारी. त्या डोंगरावर आता अर्ध्यापर्यंत गाडी जाते, पुढे हाताला धरून नेतो. सगळा मावळ बघ वरून."

तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि साडी जराशी वर करून आपले सुजलेले गुडघे मला दाखवले.

"आता व्हय, बाळा?" ती म्हणाली. "पाय चालत हुतं तवा कुणीच इचारलं न्हाई."