मास्तरांच्या दोन टिचक्या

गाडी शिकवताना ओरडायचं नाही, हा नियम मास्तरांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. शिकणारा आधीच अर्धमेला असतो, त्यात शेजारचा माणूस खेकसला की त्याचा उरलासुरला जीवही जातो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वेग कमी करायचा असला की ते डॅशबोर्डवर नखाने दोन टिचक्या मारत. टक टक. एवढंच. त्यांच्या पायाशी शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक होता, पण तो दाबायची वेळ येणं त्यांना कमीपणाचं वाटे.

त्या गाडीच्या मागच्या सीटवर त्यांची लेक वाढली. आई दवाखान्यात रक्त तपासायची आणि तिची पाळी संध्याकाळची असायची. शाळा सुटलेल्या पोरीला घरी एकटं ठेवायचं कसं, म्हणून मास्तर तिला गाडीत घालून फिरत. जन्मली तेव्हा ती अशी काही रडली होती की नर्सबाईंनी कानांवर हात ठेवले, आणि घरात तिचं नाव पडलं भोंगा. मुलीच्या जातीला असलं नाव शोभतं का, म्हणून आत्या महिनाभर फुगून बसली. पण चिकटलं ते चिकटलंच.

मागे बसून भोंगा करणार काय? आधी तिने रस्त्यावरच्या पाट्या वाचून काढल्या, मग पाट्यांना चाली लावल्या. 'पुढे धोक्याचे वळण' या पाटीला तिने इतकी रडवी चाल लावली होती की गाडी शिकायला आलेल्या पोस्टमनने रस्त्यात डोळे पुसले. पुढे पाट्या सुटल्या आणि शब्दही तिचेच येऊ लागले. ते ती इतक्या हलक्या आवाजात गुणगुणायची की तक्रार करायची सोय नसे, आणि ऐकू आल्यावाचूनही राहत नसे.

गाणं जमलंय की फसलंय, हे ठरवायची तिची एक पद्धत होती. शिकणारा ऐकता ऐकता क्लच विसरला आणि गाडी बंद पडली, की गाणं पास. गाडी सुरळीत चालली, तर गाणं बाद. मग ती ओळी मोडून पुन्हा लिहायची. स्वतःच्या शब्दांचे लाड तिने कधी केले नाहीत. यमक जुळलं म्हणून खूश होणाऱ्यांपैकी ती नव्हती. मास्तरांना मात्र या परीक्षेचा पत्ताच नव्हता. त्यांना वाटायचं, हल्लीची माणसंच बावळट निघायला लागली आहेत. कळलं तेव्हा ते आधी तापले, मग दिवसभर हसत राहिले. दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद पडली की ते आरशातून मागे बघून हळूच भुवई उडवायचे.

कॉलेजात असताना तिने एक गिटारवाली मैत्रीण आणि एक ड्रमवाला गाठला. ड्रमवाला वयाने मोठा, तोंडाने फटकळ, पण ताल म्हणजे ताल. जिथे बोलावतील तिथे तिघं वाजवायची. व्यायामशाळेच्या उद्घाटनाला वाजवलं, बुटांच्या दुकानात वाजवलं. एका हॉटेलात तर लोक जेवणावरून मान वर करेनात, तरी ही बया शेवटची ओळसुद्धा अर्धवट सोडायची नाही. मास्तर कोपऱ्यात थंड चहा घेऊन बसायचे आणि मनात म्हणायचे, हे बळ हिच्यात आलं कुठून? आपल्याला चार माणसांसमोर आभार मानायचे म्हटलं तरी घाम फुटतो.

आणि मग पहिल्या रेकॉर्डिंगला घोटाळा झाला. गाणं तिच्या आवडीचं होतं:

आरशात मावतं तेवढंच मागे राहतं,
बाकीचं सगळं माझ्याबरोबर येतं.

शेवटच्या कडव्याआधी ड्रमवाला ड्रमच्या काठावर काडीने दोनदा वाजवायचा. टक टक. आणि नेमकी तिथेच भोंगा मंदावायची. वाद्यं पुढे, ही मागे. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. रेकॉर्डिंग करणाऱ्याने मशीन तपासलं, वायरी बदलल्या. ड्रमवाल्याने काड्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, हिला ताल नाही, सांगून ठेवतो. चौथ्या वेळी तिचं तिलाच कळलं, आणि तिला तिथेच हसू फुटलं.

घरी येऊन तिने बाबांना हसत हसतच सांगितलं. "बाबा, तुमच्या टिचक्या माझ्या हाडांत बसल्यात. कुणी दोनदा टकटक केलं की माझा पाय ब्रेकवर जातो." आई पोट धरून हसली. मास्तरही हसले, पण त्यांच्या जिवाला ते लागलं. पोरीच्या वाटेत आपणच आडवे आलो, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. ड्रमवाल्याने टेबलावर, कपावर, भिंतीवर टकटक करून तिची खोड मोडली आणि गाणं झालंही. मास्तरांनी मात्र टिचक्या कायमच्या बंद केल्या. गाडीतही. त्याचा परिणाम असा, की एक शिकणारी थेट फुटपाथवर चढली आणि न्हाव्याच्या दुकानासमोरची कुंडी घेऊनच थांबली. तेव्हा मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा तो ब्रेक दाबावा लागला, आणि तोही उशिरा.

गाणं हळूहळू लोकांच्या कानांवर पडू लागलं. शिंप्याकडे वाजलं, मोबाइलच्या दुकानात वाजलं. गाण्यांच्या एका मोठ्या कंपनीच्या बाईंनी तिला बोलावलं. आवाज त्यांना पसंत होता, पण गाणी त्यांची माणसं लिहिणार होती. ती फक्त गाणार. दुसरी एखादी असती तर पेढा मिळाल्यासारखी घरी आली असती. भोंगा म्हणाली, "बाई, माझं एक गाणं लोकांसमोर ऐका. नाही पटलं तर तुमची गाणी गाईन, तक्रार करणार नाही." बाईंना तिचं धाडस आवडलं. एका नावाजलेल्या बँडच्या कार्यक्रमाआधी तिला एका गाण्यापुरती जागा मिळाली. त्या एका गाण्यावर तिचे शब्द तिचे राहणार की जाणार, हे ठरणार होतं.

सभागृह गच्च भरलं होतं. मास्तर आणि आई तिसऱ्या रांगेत, कंपनीच्या बाई त्यांच्या पुढच्याच रांगेत. भोंगा मंचावर आली, गाऊ लागली, आणि पहिल्या ओळीतच मास्तर खुर्चीत पुढे सरकले. पोरगी पळत होती. घाबरलेला शिकाऊ माणूस ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचाच विसरतो, तशी. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, त्याने ती आणखी पळाली. ड्रमवाला आणि गिटारवाली मागून धापा टाकत होते. 'आरशात मावतं' कधी आलं आणि कधी गेलं, कुणाला कळलंही नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं.

मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. तिथे ब्रेक कुठला असायला? त्यांचा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर गेला, बोट वाकलं, आणि त्यांनी तो झटकन मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवला. आता पुन्हा हिच्या आड यायचं नाही. बायकोने न बघताच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पहिलं कडवं संपलं आणि भोंगा थांबली. सगळं सभागृह तिच्याकडे बघत राहिलं. तिने डोळे मिटले आणि मायकवर नखाने दोन टिचक्या मारल्या.

टक टक. चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरांतून तो आवाज आला. आपल्या गाडीतला आवाज एवढा मोठा होऊन आलेला मास्तरांनी ऐकला आणि मांडीखालचा हात बाहेर काढला. ड्रमवाल्याने तिच्याकडे पाहिलं, काड्या हलक्या केल्या. गाणं पुन्हा सुरू झालं, या वेळी तिच्या चालीने. एकेक शब्द लोकांपर्यंत पोहोचला. टाळ्यांचा ठेका आपोआप थांबला, कारण लोकांना आता ऐकायचं होतं.

कार्यक्रमानंतर बाई मंचामागे आल्या. गाणी तिचीच राहतील, म्हणाल्या, आणि नवीन रेकॉर्डिंगमध्ये मधल्या त्या टिचक्याही हव्यात. ते कुठून सुचलं, असं त्यांनी विचारलं. भोंगा म्हणाली, "ते माझं नाही. बाबांचं आहे." मास्तर भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं न्याहाळत उभे राहिले.

आता भोंगा गावोगाव गात फिरते आणि मागची सीट रिकामी असते. एकदा सकाळी मास्तर एका पोक्त काकूंना चौकातून गाडी काढायला शिकवत होते. त्यांनी टिचक्या आता पुन्हा सुरू केल्या होत्या आणि काकू त्या चांगल्या शिकल्या होत्या. रेडिओवर गाणं लागलं. मास्तरांनी आवाज थोडा वाढवला. कडवं संपलं, रेडिओतून टक टक आलं, आणि काकूंनी क्लच विसरून ब्रेक दाबला. चौकाच्या मधोमध गाडी बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न सुरू झाले.

काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "चुकले का हो मी, मास्तर?"

मास्तरांनी सवयीने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर कुणीच नव्हतं, तरी त्यांनी हळूच भुवई उडवली.

"नाही काकू," ते म्हणाले, "गाणं पास झालं. संपू दे, मग काढू गाडी."