दातांनी दाबलेलं शिसं

जाळ्याला शिसं लावावं तर चंद्रकांतानंच, हे दातिवरे गावात तिच्याशी उभा दावा असलेलेही कबूल करतात. जाळं पाण्यात नीट बुडावं म्हणून खालच्या दोरीला शिशाचे तुकडे गुंडाळून दाबायचे असतात. पकडीनं दाबलं की दोरी कापली जाते, हे चंद्रकांताचं मत, आणि तिचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती शिसं दातांनी दाबायची. तिची आईही तसंच करायची. पण साठी उलटली, पुढचे दात गेले आणि कारभार नातीकडे आला.

भाविका आठ वर्षांची. शाळेतून आली की आजीशेजारी बसून दोन-चार तुकडे गालात धरायची आणि एकेक दाबत जायची. "पोरीचे दात म्हंजे सांडशी," असं चंद्रकांता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. पोर हल्ली धड जेवत नव्हती, पोट दुखतं म्हणायची, पाठ केलेलं विसरायची. त्यावर आजीकडे एकच औषध, दृष्ट काढणं. मीठ-मिरच्या संपत आल्या, पोटदुखी काही हटेना.

मग शाळेत तपासणी आली. दीपाली नावाच्या नर्सकडे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र होतं. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, थोडं थांबायचं, की आकडा समोर. भाविकाचा आकडा पाहून, बोटाला काही लागलेलं असेल म्हणून तिनं पोरीचे हात साबणानं पुन्हा घासून धुतले आणि दुसऱ्या बोटातून थेंब घेतला. आकडा हलला नाही. तिनं चंद्रकांताला बोलावून घेतलं.

"मावशी, हिच्या रक्तात शिसं आहे. बरंच आहे. ते विषच, त्यानं पोट दुखतं, मूल विसरायला लागतं. उद्याच पालघरला न्या, नसेतलं रक्त तपासून खात्री करायला हवी."

"त्या कंपन्यांचा धूर, दुसरं काय!" चंद्रकांतानं खापर फोडून टाकलं.

"धूर असता तर सगळ्या वर्गाला लागला असता. बाकीची मुलं ठीक आहेत. घरात शिसं येतं का कुठून?"

उत्तर भाविकानंच दिलं, मान ताठ करून. "मी लावते ना जाल्याला! दातांनी. आजीला दात नाय."

चंद्रकांतानं पोरीचं दप्तर उचललं आणि तडक घरची वाट धरली. नातीच्या तोंडाकडे तिला बघवेना.

घरी येताच तिनं शिशाची पिशवी भाविकाच्या बापाच्या हाती देऊन घराबाहेर काढली. भाविका मात्र नेहमीसारखी जाळ्याशी जाऊन बसली.

"ऊठ. यापुडं ह्या कामाला हात लावायचा नाय."

पोर हिरमुसली. "मी वाकडं दाबलं का?"

"नाय गो. एकबी निसटला नाय तुजा."

"मंग?"

"शाबास, शाबास म्हणून मीच तुज्या तोंडात इख घातलं, बाय."

भाविकाला त्यातलं शाबास तेवढं कळलं. तिची कळी खुलली आणि तिनं जाळं आणखी जवळ ओढलं.