गच्चीवरचा तो अँटेना

शहराच्या कडेला डिंडोलीत आमची खोली, तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला. आत मोबाइलची रेंज कधी आलीच नाही. खान्देशात गावी आई एकटी, आणि तिला कमी ऐकू यायचं. गल्लीत उभी राहून मी फोन लावायची, आवाज तुटायचा, ती "हॅलो, हॅलो" करत राहायची. मग आपलेच कान गेले असं म्हणत फोन ठेवून द्यायची. तिनं स्वतःला असा दोष दिलेला मला सोसायचा नाही.

शेवटी मी बाजारातून रेंज वाढवणारा बूस्टर आणला. गच्चीवर छोटा अँटेना, तिथून खाली आलेली वायर आणि खोलीत भिंतीला लावलेला डबा. बसवून देणाऱ्यानं परवान्याचा शब्द काढला नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही. त्या संध्याकाळी आई कितीतरी वेळ बोलली. शेजारी बसून बोलतेस तसं वाटतंय, म्हणाली.

समोरच्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं, काका आणि मावशी. काकांचं उभं आयुष्य कापडाच्या लूमवर गेलेलं, एकुलती मुलगी जवळच चलथाणला दिलेली. काही दिवसांनी मावशी फोन घेऊन माझ्या दारात आल्या.

"माय, तुन्हा फोन लागस का? मन्हा तं लागसच नही."

माझा लागत होता. मी त्यांचा फोन बंद करून चालू केला, सिम काढून पदराला पुसलं. "फोन जुना झालाय मावशी," म्हटलं. पुढे वरच्या मजल्यावरचे लोकही कुरकुरू लागले. सगळे मोबाइल कंपनीला नावं ठेवत होते. मीही ठेवली.

एका दुपारी मी दार लोटून साडीला लेस लावत बसले होते. गल्लीत आरडाओरडा ऐकून बाहेर आले, तर मावशी आणि एक रिक्षावाला काकांना घरातून उचलून रिक्षाकडे आणत होते. मी धावत जाऊन काकांना पायांकडून उचलून धरलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, पण काका गेले होते. काकांच्या छातीत कळ आल्यापासून मावशी अँब्युलन्सला फोन लावत होत्या. लागला नाही, माझंही दार लोटलेलं दिसलं, तेव्हा अनवाणी मोठ्या रस्त्यापर्यंत धावत गेल्या आणि रिक्षा घेऊन आल्या. मधे किती वेळ गेला, त्यांनाही सांगता येईना. "फोन लागना नही," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी त्यांना जवळ घेऊन बसले.

महिना झाला असेल. दोन सरकारी माणसं हातात अँटेना फिरवत गल्लीत आली. मोबाइल कंपनीनं तक्रार केली होती. अँटेना इकडे तिकडे वळवत ती आमच्या इमारतीपाशी थांबली, गच्चीवर गेली आणि वायरीच्या मागोमाग माझ्या खोलीत आली.

त्यांतल्या वयस्क साहेबांनी हिंदीत समजावून सांगितलं. रागावले नाहीत. फोन ज्यांवर चालतो त्या हवेतल्या लहरी देशाच्या मालकीच्या असतात, म्हणाले. सरकार त्यांचे पट्टे पाडतं. एक विमानांना, एक पोलिसांना, एक रेडिओला. काही पट्टे मोबाइल कंपन्या लिलावात घेतात. एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळू नये म्हणून सगळं आधी ठरवलेलं असतं. "तुमचं यंत्र कंपनीच्या पट्ट्यात विनापरवाना बोलत होतं. टॉवरला त्याचाच गोंगाट ऐकू येत होता. आसपासचे फोन त्याला ऐकूच जात नव्हते."

"आसपास म्हणजे?"

"ही गल्ली. कदाचित पलीकडचीही."

त्यांनी नोटीस दिली, माझी सही घेतली आणि डबा काढून नेला. मी कितीतरी वेळ भिंतीला टेकून बसून राहिले. मग उठून समोर गेले. आणखी एक दिवस थांबले असते, तर पुन्हा कधीच जाता आलं नसतं.

मावशी भाजी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं.

"त्या दिनले ते चालू व्हतं का?"

"हो."

"तुले माहीत व्हतं?"

"नाही, मावशी."

त्या पुन्हा भाजी निवडू लागल्या. वर न बघता म्हणाल्या, "जाय माय आते घर."

फोन लागला असता तर काका वाचले असते का? मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, ते म्हणाले. बरं वाटावं म्हणून तरी ते नाही म्हणतील, अशी मला आशा होती.

पुढच्या महिन्यात मुलगी मावशींना चलथाणला न्यायला आली. टेम्पोत सामान चढवायला मी गेले. मुलीनं माझे दोन्ही हात धरले, तिचे डोळे भरून आले. "ताई, त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून आईला आधार झाला. तुमचे उपकार कसे फेडू?"

मावशींनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भांड्यांच्या पोत्याचं तोंड सुतळीनं बांधत होत्या. मला बोलायला हवं होतं. मी खाली वाकले आणि त्या पोत्याचं दुसरं टोक धरून ते टेम्पोत ठेवलं.