राखेतल्या घराचं बोलावणं

जुमिरिन भारी बोलका. जावातल्या मेरापी या ज्वालामुखी डोंगराच्या पायथ्याशी राखेखालून उकरून काढलेलं पुराणं देऊळ आहे. तिथे पाहुण्यांना फिरवताना त्याच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. नाक तुटलेल्या मूर्तीपुढे उभा राहून म्हणायचा, "ताई, या राणीसाहेब बघा. हजार वर्षं तोंड धुतलेलं नाही!" सुराबाया शहराहून सुटीला एकटीच आलेली पालुपी खळखळून हसली.

पण देवळामागे मेरापीची चढण लागली, की हाच माणूस गप्प. वर त्याचं गाव होतं. डोंगर फुटला त्या दिवशी तो लहानग्या लेकीला कडेवर घेऊन, गुरं हाकत खाली उतरला. बायको, सुतिना, म्हणाली, "चुलीवरचा चहा उतरवते नि आलेच." ती राहिलीच. आता तिथे राखेशिवाय काही नाही.

"ऐका ताई, वर कुणी चहाला बोलावलं तर तोंड उघडायचं नाही. हो नाही, की नको नाही."

"काहीतरीच काय, काका! आमच्या आईला कळलं तर बदडून काढेल मला."

खरंच होतं तिचं. जावात दारावरून जाणाऱ्याला 'या, बसा' म्हणायचं आणि जाणाऱ्याने 'हो, येते परतताना' म्हणायचं, ही रीतच. कुणी खरंच येत नाही, कुणी वाटही बघत नाही. डोंगरावर मात्र तो शब्द खरा धरतात, बरं का!

गावाच्या जागी पोचले आणि धुकं उतरलं. ओल्या लाकडांचा धूर आला, मोगरा घातलेल्या चहाचा वास आला. उजवीकडून बाईचा आवाज आला, "ये गं पोरी, घोटभर चहा घेऊन जा."

"हो मावशी, परतताना येते!" पालुपी बोलून गेली आणि मग तिनेच तोंडावर हात ठेवला. तिकडे घर होतंच कुठे?

जुमिरिनने आवाज ओळखला. दर खेपेला सुतिना अशीच हाक मारायची आणि तो दात आवळून पुढे जायचा. लेकीला कुणाच्या भरवशावर टाकणार? गेल्या साली लेकीचं लग्न झालं, तरी त्याचं तोंड काही उघडलं नव्हतं.

"काका, मला नाही जायचं वर. खाली चला."

उतरायला वाट ती एकच. दोघं वळले, तोच धुक्यात पेले किणकिणले. "आलीस? ये, ओतलाय."

पालुपीचं पाऊल उजवीकडे पडलं. तिने टाकलं नव्हतं, ते आपोआप पडलं. मग दुसरं. "काका!" ती किंचाळली.

जुमिरिनने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि वाटेवर ढकललं. "पळ! मागे बघशील तर याद राख!" मग तो धुक्याकडे वळला. "लेकरू आहे गं ते, सुतिना. रीत पाळायला गेली बिचारी. तिच्याऐवजी मी येतो."



"तुम्ही?" आवाज कापत होता. "तुम्ही तर ओळखसुद्धा देत नव्हता. मला वाटलं, विसरलात."

जुमिरिनला रडू कोसळलं. खाली पालुपीच्या बुटांचा आवाज दूर दूर जात विरला. पोरगी सुटली होती. त्याने राखेतच चपला काढल्या, दाराबाहेर काढाव्या तशा.

"विसरलो नव्हतो गं, भ्यालो होतो," तो म्हणाला. "सरक जरा, बसू दे."